रुमाल

"मी खूण केली की बोनस रेषेपलीकडे पाय टाकायचा! एवढं साधंही जमत नाही तुम्हाला?" कॉलेजची कबड्डीची फायनल एका गुणासाठी हातची चालली होती आणि टाइम आउटमध्ये इंगवले सर मुलींवर उखडले होते.

"सर, तुम्ही रुमालानं कपाळ पुसलंत की समोरच्या पोरी आधीच सावध होतात," अश्लेषा काकुळतीनं म्हणाली.

सर चपापले. म्हणजे डाव तेच फोडत होते! त्यांनी रुमाल खिशात कोंबला. "जा. आता खूण नाही. बोनसच घे."

शेवटची चढाई. सरांना घामाच्या धारा लागल्या होत्या. अश्लेषानं पाय उचलायच्या आतच कोपऱ्यातली मुलगी पुढे झेपावली आणि तिचा घोटा धरला.

सरांनी कपाळावरचा हात खाली घेतला. हातात रुमाल होता.