दोनशे बारा

सृष्टीचे नियम राजाला आणि रंकाला, विलायतेला आणि वऱ्हाडाला सारखेच लागू असतात. बुलढाण्यात ते लागू करण्याची जबाबदारी वामनराव मास्तरांवर होती, आणि सकाळपासून त्यांना ते जमत नव्हते.

टेबलावर स्पिरिटचा दिवा, दिव्यावर काचेचे पात्र, पात्रात पाणी आणि पाण्यात थर्मामीटर. पुस्तकाप्रमाणे उकळत्या पाण्यात पारा फॅरनहाइटच्या दोनशे बारा अंशांवर जाऊन थांबतो. समोर खुर्चीत अमरावतीहून आलेले इन्स्पेक्टर साहेब बसले होते. वामनराव अजून हंगामीच होते. कायम व्हायचे की गाशा गुंडाळायचा, ते आजच्या शेऱ्यावर ठरणार होते.

"किती?" साहेबांनी विचारले.

मॅट्रिकच्या वर्गातला देऊळघाटचा कडूबा पात्रावर वाकला. "दोनशे आठ."

"नीट पाहा," वामनराव म्हणाले.

"नीटच पाहून राह्यलो, सर. दोनशे आठ."

"जरा खळखळू दे."

"कवाचं खळखळून राह्यलं, सर. अर्धं आटलं."

वामनराव त्याच्या कानाशी गेले. "अरे, किती सांगायचं ते काल ठरलं होतं ना?"

"तुमीच तं म्हणता, जे दिसते तेच सांगाचं. शास्त्रात खोटं चालत नाही."

"ते रोजच्यासाठी. आज साहेब आलेत."

साहेब उठले, चष्मा पुसला आणि स्वतः वाकून पाहिले. पाऱ्याने त्यांचाही मुलाहिजा ठेवला नाही.

"थर्मामीटर सदोष आहे," ते म्हणाले.

"हा तिसरा, साहेब. आधीचे दोन मुंबईला परत केले. तेही आठच्या वर जात नव्हते."

"तिन्ही सदोष?"

"तिन्ही. अगदी सारखेच."

"मुंबईचा माल," साहेब खेदाने म्हणाले.

दाराशी उभ्या असलेल्या जहांगीर शिपायाला राहवेना. "साहेब, त्या नळीचा काय कसूर? पाणीच खराब आहे. शाळेच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. माह्या घरी सकाळी चढवली तं दुपारी दाताखाली येते."

साहेबांचा चेहरा उजळला. "तरीच! काल डाक बंगल्यावरही डाळ कच्चीच होती. मी उगाच खानसाम्याला बोललो."

मग वर्गात प्रथमच शास्त्रीय चर्चा झाली. कुणी तळ्याकाठची विहीर सुचवली, कुणी मारवाड्याच्या बागेतली. दोन्ही बाजूंनी घरोघरच्या डाळीचे दाखले निघाले. शेवटी मारवाड्याच्या विहिरीला बहुमत मिळाले आणि जहांगीर घागर घेऊन गेला. पाणी आले, गाळले, चढवले, उकळले. सगळा वर्ग श्वास रोखून कडूबाकडे पाहू लागला.

"आठ," कडूबा म्हणाला.

"डाळ मात्र शिजली असती," जहांगीर म्हणाला.

वामनरावांचा तोल गेला. "काऊन बे, डोळ्यात काही पडलं काय तुह्या?"

"नाही, सर. चांगलं लख्ख दिसून राह्यलं."

प्रकरण आवरते घ्यावे म्हणून साहेब प्रयोगावरून पुस्तकाकडे वळले. "असो. मुला, पर्वतावर पाणी कमी उष्णतेत का उकळते?"

कडूबाने हाताची घडी घातली आणि एका दमात सांगितले, "उंच प्रदेशी हवेचा दाब कमी असल्याकारणाने पाणी दोनशे बारा अंशांपूर्वीच उकळू लागते. उदाहरणार्थ, आल्प्स पर्वत."

"शाबास! आणि हा आल्प्स पर्वत कुठे आहे?"

"युरोप खंडात, साहेब. आपल्याकडं तसलं काही नाही."

"उत्तम!" साहेब वामनरावांकडे वळले. "थिअरी तुम्ही पक्की करून घेतली आहे, हे कबूल केलं पाहिजे."

वामनरावांनी कपाळ पुसले. पात्रात पाणी उकळतच होते आणि पारा आठवर निवांत उभा होता. मग दिव्यातले स्पिरिट संपले.

साहेबांनी जागेवरच शेरा लिहिला आणि वाचून दाखवला. सिद्धांत उत्तम, प्रात्यक्षिक सदोष. शिक्षकाचा हात अद्याप प्रयोगावर बसलेला नाही. कायम करण्याचा विचार तूर्त स्थगित, मात्र एक संधी म्हणून मलकापूरच्या शाळेत बदली.

साहेबांचा टांगा दिसेनासा होईपर्यंत वामनराव फाटकात उभे राहिले. मग वळले. "चार अंशांनी वाटोळं केलंस माझं, कडूबा."

"म्या कुठं काय केलं, सर? पाण्यानं केलं."

"पाण्याला साहेब विचारत नव्हते!"

पुढच्या थंडीत हेच साहेब मलकापूरला तपासणीला गेले. पुन्हा दिवा, पुन्हा पात्र. वामनरावांनी या वेळी नजर सरळ खिडकीबाहेर ठेवली होती. पारा दोनशे आठ ओलांडून सावकाश वर गेला आणि दोनशे दहाच्या जरा पुढे थांबला.

साहेबांनी चष्मा काढला आणि वामनरावांचा हात हातात घेतला. "दोन अंशांची सुधारणा! मेहनत घेतली की होतं, मास्तर. बाराही गाठाल."

"आपला आशीर्वाद," वामनराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्याच महिन्यात ते कायम झाले.

बुलढाण्याहून मलकापूरला जायला राजूरचा घाट उतरावा लागतो.