तळ लागेपर्यंत

इंजिनिअर बाईंनी भरावाच्या पायथ्याशी अंथरलेलं पोतं उचललं. खाली ओली माती, तिच्यावर दुसरीकडून उपटून आणून लावलेलं गवत, आणि गवतातून वाहणारी बोटभर धार. धार गढूळ होती.

"हे पोतं कुणी टाकलं, काका?"

धरणाच्या राखणदाराने टोपी काढली, पुन्हा घातली. "मीच. पाय घसरतो इथे." मग त्याने हसून पाहिलं. "मातीचं धरण, मॅडम. म्हातारं झालंय. म्हातारपणी जरा गळायचंच."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रिकाम्या बाटलीत धार धरली आणि बाटली दगडावर ठेवली. थोड्याच वेळात तळाशी पिवळट गाळ बसला.

"नुसतं पाणी झिरपलं तर चालतं, काका. हे पोटातली माती घेऊन बाहेर येतंय. भराव आतून पोखरला जातोय. कधीपासून येतंय असं?"

"आज सकाळीच दिसलं."

"कशाला खोटं बोलताय?"

राखणदाराची बायको चहा घेऊन मागे येऊन उभी होती. तिने पेला बाईंच्या हातात दिला. "महिना झाला असेल. रोज उजाडायच्या आत येतात आणि माती थापून जातात. मी खिडकीतून बघते."

बाईंना कळेना. धरणाच्या खाली वस्ती होती. पहिल्याच घराच्या अंगणात दोन मुलं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती.

"ते घर तुमच्या भावाचं ना?"

"हो."

"आणि तरी तुम्ही गप्प बसलात?"

बायकोनेच विचारलं, "धरण रिकामं करावं लागेल ना?"

"आजच झडप उघडायची. वस्तीही हलवायची."

"म्हणूनच गप्प बसले." तिने पदर खोचला. "आमची लेक ठकू, मॅडम. दोन वर्षांपूर्वी घरात भांडण झालं आणि तणतणत गेली. चपला काठावर सापडल्या. लोकांनी गळ टाकले, जाळी टाकली, हाती काही लागलं नाही. तळाशी जुनी झाडं बुडालीत, त्यात सगळं अडकतं. मी म्हणते, ती यातच आहे. हे म्हणतात, रागाच्या भरात अनवाणीच निघून गेली. कुठेतरी संसार करत असेल."

"असेलच," राखणदार म्हणाला. "पोहता येत होतं तिला. माशासारखी पोहायची."

दुपारपर्यंत वस्ती रिकामी झाली. झडपेच्या चाकावर राखणदाराने हात ठेवले, पण चाक फिरेना. जोर लावतोय असं दिसत होतं. दंडाची शीर मात्र ताणली नव्हती. बायको जवळ आली. तिने त्याच्या हातांशेजारी आपले हात ठेवले.

"सरका. मी उघडते."

"अगं, पाणी आहे तोवर ती कुठेही असू शकते," तो हळूच म्हणाला.

"आणि भाऊजींची पोरं? भराव फुटला तर ती कुठे असतील?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तिचे हात अलगद बाजूला केले आणि एकट्याने चाक फिरवलं.

पाणी उतरायला लागलं. झडपेखालच्या नळातून आवाज यायचा, बंद दाराआड कुणीतरी घोगऱ्या आवाजात बोलत असावं तसा. तो आवाज वर टेकाडावरच्या त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. जेवताना दोघांचे घास थांबत. दोघं ऐकत, आणि ऐकलंच नाही असं दाखवत पुन्हा जेवू लागत. भरावावरचा ताण कमी झाला तशी पायथ्याची धार बारीक झाली, मग थांबली. धरण वाचलं, असं बाई म्हणाल्या. त्याने मान डोलावली.

पाण्यातून एकेक वस्तू वर येऊ लागली. झाडांचे काळे शेंडे आधी, मग एक फुटकी होडी, कुणाची तरी बादली. दर वेळी काठावरचे लोक "ते काय, ते काय" म्हणत पुढे सरकत, आणि ओंडका निघाला की मोकळा श्वास सोडत. राखणदार एकदाही काठावर गेला नाही.

तळ उघडा पडायला लागला त्या सकाळी बायकोने त्याला हाताला धरून आणलं. तो आला, पण भरावावर धरणाकडे पाठ करून उभा राहिला. समोर रिकामी वस्ती होती, वाळत टाकलेले आणि तसेच राहून गेलेले कपडे होते. मागे लोक कुजबुजत होते.

कुजबुज एकदम थांबली.

इंजिनिअर बाई त्याच्याजवळ आल्या. त्यांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ओंडका असेल," तो समोरच बघत म्हणाला. "लांबून तसंच दिसतं. नीट बघायला सांगा त्यांना."

खाली चिखलात कुणीतरी उतरत होतं. "अहो वहिनी, थांबा, रुताल!" कुणी ओरडलं. पावलं थांबली नाहीत. आणि मग त्याच्या बायकोचा आवाज आला. दारावर कुणी कधीची थाप मारत असावं आणि आपले हात कामात अडकलेले असावेत, तसा. घाईचा, जरा वैतागलेला.

"आले गं, आले!"