श्रीधरचा दिवा

संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा अनसूयाबाई भाकरी थापत होत्या. विमानं येण्याची आता सवयच झाली होती. त्यांनी तवा उतरवला. भोंग्यासरशी घरातले दिवे आपोआप गेले. उरला फक्त देवघराशेजारचा एक.

श्रीधर सीमेवर होता आणि त्याच्या काळजाच्या ठोक्यांवर हा दिवा इथे तेवत असे. आईच्या शब्दाशिवाय त्याला हात लावायचा नाही, असं त्यानं जाताना या ऐकत्या-बोलत्या घराला बजावलं होतं.

“वाढव रे आता,” अनसूयाबाई घराला म्हणाल्या.

दिवा भक्कन मोठा झाला. खोलीभर लख्ख उजेड पडला.

“अहो काकू, उजेड!” समोरच्या गच्चीतून पाटणकर ओरडले.

“आई, विझवायचा होता का?” घरानं विचारलं.

“असं अभद्र बोलू नये. दिवा विझव म्हणत नाहीत, वाढव म्हणतात. लक्षात ठेव.”

“ठेवलं, आई.”

अंधार झाला. विमानं डोक्यावरून गेली. लांब कुठेतरी दोन धमाके झाले, मांडणीतली भांडी किणकिणली आणि थांबली. अर्ध्या तासानं धोका टळल्याचा भोंगा झाला, तसे घरातले दिवे परत आले. अनसूयाबाईंनी तवा पुन्हा चढवला.

“श्रीधरचाही लाव रे बाळा.”

देवघराशेजारी अंधारच राहिला.

“लावून पाहिला, आई,” घर हळूच म्हणालं. “दिवा वाढलाय.”