झेंडूची जाळी

रस्त्यापलीकडच्या मंडळाचा भोंगा एकदम वाजायला लागला आणि प्रमिलाबाईच्या बोटात सुई घुसली. पहाटे गेलेला करंट लिंबायतच्या वस्तीत परत येत होता. एक गल्ली, मग दुसरी, मग तिसरी, असाच यायचा तो नेहमी.

तिच्या पुढ्यात सात नंबरचा यंत्रमाग होता आणि मागाच्या पोटात तिचा नवरा. हिलाल जमिनीवर उताणा पडून, उजवा हात थेट खांद्यापर्यंत लोखंडात घालून झेंडूची माळ पलीकडे ओढत होता. बाहेर दिसत होती ती फक्त दोन पावलं.

दसऱ्याला मागाला एक माळ घालायची, नारळ फोडायचा, पेढा खायचा, की झाली पूजा. आजवर असंच चालत आलं होतं. पण उन्हाळ्यात शेठच्या मुलीचं लग्न झालं आणि त्या मांडवावरची फुलांची जाळी शेठच्या डोळ्यांत भरली. त्यांनी लग्नाची व्हिडिओ कॅसेट लावून प्रमिलाबाईला दोनदा दाखवली. कारखान्यातल्या चोवीस मागांवर अशीच जाळी पाहिजे, मागाच्या आतून बाहेरून विणलेली! हौसेला मोल नाही म्हणतात. इथं हौस शेठची होती, हात हिलालचा होता. आणि खरं सांगायचं तर प्रमिलाबाईलाही चेव चढला होता. गजरे विकणाऱ्या बाईला एवढं मोठं काम कोण देतं?

"अहो," ती खाली वाकून म्हणाली, "मोठं बटण बंद शे ना?"

"सकायले लाईट गई, मशिनी आपोआप थांबन्यात, आम्ही आंघोळले घर गऊत," हिलाल आतून म्हणाला. "लोटूनी करं व्हई बंद."

"करं व्हई?" प्रमिलाबाईनं हातातली सुई टाकली. लोटू त्याचा जोडीदार, आणि तो तर पेढे आणायला पर्वत पाटियाच्या नाक्यावर गेला होता. "तुम्ही बाहेर निंघा बरं आधी!"

"भित्री भागूबाई!" हिलाल हसला. "दोन गाठी राहिन्यात फक्त."

कोपऱ्यावरची पिठाची गिरणी घरघरली. म्हणजे पुढची गल्ली आपलीच, आणि बटण चालू राहिलं असेल तर करंट येताच माग आपोआप सुरू होणार. प्रमिलाबाईनं दाराकडे पाहिलं. दाराशेजारी भिंतीवर मोठ्या बटणाची लोखंडी पेटी होती. पेटी कसली दिसतेय! सकाळी तिनंच ती झेंडूत अशी बुडवली होती की काळा ठिपकासुद्धा दिसू नये. वर मधोमध आंब्याची पानं, त्यावर हळदकुंकू. शेठ त्या पेटीपुढेच उभे होते आणि दोन पाहुण्यांना ती कलाकुसर कौतुकानं दाखवत होते.

बटणाचा दांडा वर होता की खाली? तिला आठवेना. वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद, एवढं लिंबायतच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वर होता की खाली?

आणि मग तिला तिची पहिली गाठ आठवली. जाळी सुरू करायला आधार पाहिजे होता, म्हणून तिनं दीड शेराची माळ त्या दांड्यालाच अडकवली होती. खुंटीला अडकवावी तशी. दांडा खाली असता तर माळ सळकन घसरून पायाशी आली असती. माळ घसरली नव्हती.

"माय वं!"

ती धावली. पाहुण्याला धक्का लागला, कुंकवाचं ताट उलटं झालं. तिनं दोन्ही हात जाळीत घातले आणि ओरबाडायला सुरुवात केली. फुलं निघाली, दोरी निघेना. नायलॉनची होती, तिनंच निवडून आणलेली, तुटू नये म्हणून. ती बोटांत रुतली.

"अरे, अरे! शुं करे छे?" शेठ गुजरातीत ओरडले. "दशेराना दिवसे पूजा विखेरे छे? गांडी थई गई के?"

वेडी झालीस का, हे शेठचं विचारणं तिनं ऐकलंच नाही. तिला मागाचा तो धोटा दिसत होता, मिनिटाला शंभरदा इकडून तिकडे सुटणारा, आणि त्याच्या वाटेत एक हात. तिनं दोरीला दात लावले. दोरी तुटली. आतला दांडा हाताला लागला, उभा, थंडगार, वर.

तो हलेना. ती दोन्ही हातांनी त्याला लोंबकळली. सगळं अंग खाली टाकलं. दांडा खाडकन खाली आला.

शेठनी तिचा दंड धरायला हात पुढे केला, तेवढ्यात त्यांच्या काचेच्या ऑफिसात ट्यूबलाईट दोनदा लुकलुकली आणि लागली. ऑफिसचं मीटर वेगळं होतं. टेबलावरचा पंखा फिरायला लागला, कागद उडाले. चोवीस माग मात्र झेंडू लेऊन गप्प उभे होते.

शेठनी ट्यूबकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, मग सात नंबरखालच्या त्या दोन पावलांकडे पाहिलं.

"प्रमिला," आतून हिलालनं मजेत विचारलं, "लाईट उनी का वं?"

प्रमिलाबाईनं दांडा सोडला नाही. तो पुन्हा वर जाईल की काय, या धास्तीनं तिनं डोळे मिटून तो खाली दाबून धरला.

तिच्या हातांवर कुणाचा तरी घामेजलेला हात घट्ट बसला. त्यानंही दांडा खालीच दाबला.

"नथी आवी," शेठ म्हणाले. ऑफिसात ट्यूब जळत होती, तरी म्हणाले, नाही आली. सकाळपासून 'ए हिलाल' म्हणून हाका मारणारे शेठ अगदी हळू, तान्ह्या मुलाला समजवावं तसं बोलत होते. "हजी नथी आवी, हिलालभाई. तमे पहेला बहार आवो."