माजघरापुरतं वायफाय

"दोन अँटेनावाला घ्या, गुरुजी. एक अँटेनावाला तुमच्या घरात पुरायचा नाय."

महिपतीने राउटरची दोन्ही खोकी काउंटरवर शेजारी शेजारी मांडली. गंगाधर गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि खोक्यावरचा बारीक मजकूर वाचायला घेतला. शाळेत पेपर तपासायचे तसाच, एकही ओळ न सोडता.

गुरुजी मुंबईहून आले होते. वीर स्टेशनला उतरून, रिक्षा करून थेट महाडात महिपतीच्या दुकानात. हल्ली महिन्यातून दोनदा त्यांची मुंबईची खेप असायची. पेन्शन सुरू झाली की माणसाला पाय फुटतात, असं महिपतीला वाटायचं.

"एका वेळी पाच लॅपटॉप चालतील?" गुरुजींनी विचारलं.

"पाच? घरी तुम्ही आणि काकूच ना?"

"आमोद, सूनबाई, वैदेही, जावई. चारही जणांना ऑफिसचं काम. पाचवा ओजस आणि चैत्राली या नातवंडांमध्ये, म्हणजे त्याच्यावर भांडणंच जास्त."

महिपती हसला, पण त्याला मे महिना आठवला. मुलगा, मुलगी, नातवंडं गुरुजींच्या घरी पोलादपूरला आठ दिवसांसाठी म्हणून आली होती. घरात इंटरनेट नाही म्हणून आमोद तिसऱ्याच दिवशी पुण्याला पळाला आणि संध्याकाळी वैदेहीनेही ठाण्याची वाट धरली. अनुपमाकाकूंनी फणसाची सांदणं केली होती ढीगभर. ती मग आळीत वाटली गेली. एक ताट महिपतीच्या आईकडेही आलं होतं. फोनवर सांगताना आई रडली होती.

"या वेळी दोन आठवडे थांबायला हवेत सगळे," गुरुजी म्हणाले. "ऑफिसचं कारण कोणापाशी उरता कामा नये."

"दिवाळीला येतायत म्हणा की!"

"दिवाळीच्या आतच येतील."

गुरुजींनी काखेतला भलामोठा पिवळा लिफाफा काउंटरवर पालथा ठेवला आणि पेनाने त्यावर घराचा नकाशा काढला. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, वर माळ्याच्या दोन खोल्या. भिंती सगळ्या जांभ्याच्या, दीड फुटी.

"मग तर दोन अँटेनाच हव्यात. नायतर वर माळ्यावर पोचायचंच नाय."

"पोचूच नये."

"आँ?"

"वर मिळालं की एकेक जण वर जाऊन दार लावून बसेल. हिच्याजवळ कोण बसणार मग? मला फक्त माजघरात हवंय. पण तिथे दिवसभर एकदाही तुटता कामा नये."

रेंज कमी हवी म्हणणारं गिऱ्हाईक महिपतीने आजवर पाहिलं नव्हतं. दोन अँटेनावाला दिसायला वाघ, पण दुपारी तापला की शेळी होऊन बसायचा. ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची नसते. पण पाढे चुकल्यावर ज्यांनी छडी न मारता शेजारी बसवून घेतलं, त्यांच्याशी धंदा कसा करायचा? त्याने मोठं खोकं फळीवर परत ठेवलं.

"हा साधाच न्या. तापत नाय, रडत नाय. पाच जणांना माजघरात पुरून उरेल."

रविवारी तो सामान घेऊन पोलादपूरला गेला. कशेडी घाटात दरड आली होती, ट्रकांची रांग थेट गावापर्यंत लागलेली. त्यातून वाट काढत पोचेपर्यंत अकरा वाजले. माजघरातल्या फळीवर त्याने राउटर बसवला. वीज गेली तरी चालावा म्हणून खाली बॅटरी ठेवली. आपला लॅपटॉप घेऊन माजघराचे चारही कोपरे फिरून पाहिले. कुठेच तुटलं नाही. जिन्याच्या चौथ्या पायरीवर मात्र रेंज गेली. गुरुजी खूश झाले.

"बंद पडला तर काय करायचं ते हिला दाखव," ते म्हणाले. "मला नको."

"अगं बाई, मला कशाला?" काकू म्हणाल्या. "तुम्ही आहात की!"

"शिकून घे गं. बिलही तुझ्याच नावावर केलंय."

काकूंनी पदराला हात पुसले आणि भीत भीत बटण दाबलं. गुरुजींनी त्यांच्याकडून ते तीन वेळा करून घेतलं. गुरुजी म्हातारपणी आळशी झाले, असं महिपतीच्या मनात आलं. तिसऱ्या वेळी हिरवे दिवे लागले तशा काकू लहान मुलीसारख्या हसल्या.

"आता थांबतील ना रे, महिपती?"

"थांबतील काकू. न थांबायला काय झालं?"

त्याची आई इथेच, दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि तो शिमग्यापासून एक रात्रही तिच्याकडे राहिला नव्हता. आज राहायचं, त्याने ठरवलं.

गुरुजी त्याला सोडायला फाटकापर्यंत आले. एवढं चालूनही त्यांना धाप लागली. फाटकाला धरून ते जरा उभे राहिले.

"मंडळी कधी येतायत तेवढं कळवा, गुरुजी," महिपती म्हणाला. "आदल्या दिवशी येऊन एकदा तपासून जाईन."

गुरुजींनी वळून घराकडे पाहिलं. काकू चहाचे कप घेऊन आत गेल्या होत्या.

"आदल्या दिवशी कळणार नाही रे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या आईकडून निरोप येईल, त्याच दिवशी ये. तेरा दिवस हिच्याजवळून कोणी उठायला नको. मला पोचवून सगळे स्मशानातून परततील, त्याच्या आत तेवढं चालू आहे का बघून ठेव."