चवीपुरता समुद्र

दोन महिने खपून त्याने हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी उभी केली, जिवंत प्रवाळं आणून लावली, पण लेकाचं एक फुलेल तर शपथ! मीठ मोजायचं मीटर तर रोज अगदी बरोबर आकडा दाखवत होतं.

"पाण्यात मीठ जास्त झालंय," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"तुम्ही तुमची बीपीची गोळी घ्या आणि गप्प बसा!" तो खेकसला.

शेवटी वैतागून त्याने टाकीतलं बाटलीभर पाणी प्रवाळांच्या दुकानात नेऊन तपासून घेतलं. मीटरच बिघडलं होतं. मीठ खरंच जास्त होतं. घरी येऊन त्याने पडेल आवाजात विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

बाबांनी ओलं बोट हळूच पाठीमागे लपवलं.

"तू माझ्या ताटातलं मीठ बंद केलंस," ते म्हणाले, "टाकीतलं थोडंच!"