जोडात पाणी

“त्या मनोऱ्यावर चढलीस तर माझ्याशी गाठ आहे,” नवरा चप्पल घालता घालता म्हणाला.

“इतकी वर्षं गाठ मारूनच बसलेय की,” ती म्हणाली. “अजून कसली मारताय?”

जहाजांशी बोलणाऱ्या बिनतारी केंद्रात तिने उभी हयात काढली होती. गल्लीत तिला सगळे कडकट्टबाई म्हणत. निवृत्त झाली तशी तिने गच्चीवर लोखंडी मनोरा उभा केला, टोकाला अँटेना बसवली आणि रोज चार वाजता मास्तरांशी मोर्सच्या ठोक्यांत कडकट्ट सुरू केलं. मास्तर म्हणजे तिचे पहिले साहेब. बायकांच्या हाताला वेग नसतो, असं सगळं केंद्र म्हणत असताना त्यांनी तिला रात्रपाळीची खुर्ची दिली होती. आता ते समुद्रापलीकडे लेकीकडे राहत. फोनवरचं बोलणं त्यांच्या कानात शिरत नसे, पण यंत्राची बारीक शिट्टी मात्र बरोबर शिरे. घरात ती कुणाची बायको होती, कुणाची आई होती. चार वाजता ती पुन्हा नुसती ती असायची.

गेले काही आठवडे मात्र नुसती खरखर होती. त्या खरखरीतून मास्तरांची दोन-चार वाक्यं कशीबशी येत. बरा आहे. तू कशी आहेस. ठोके देणारा हातही अडखळायचा. वयच झालं, ती मनाशी म्हणायची, आणि त्यात आपल्या अँटेनाच्या केबलच्या जोडात पाणी गेलेलं दिसतंय.

“मास्तरांच्या लेकीशी बोललोय मी,” नवरा दारातून म्हणाला. “तू काळजी करू नकोस.”

“काळजी नाही करत. जोड दुरुस्त करते.”

“हे बघ, एक दिवस ते बोलायचे थांबणारच ना? त्याच्या आधी तूच थांब. नीट निरोप घे. मनोरा मी उतरवून घेतो.”

“ते थांबतील तेव्हा बघू. तोवर मनोऱ्याला हात लावायचा नाही.”

तो काहीतरी बोलणार होता. मग त्याने घड्याळ पाहिलं आणि फिरायला निघून गेला. हे फिरायला जाणंही नवीनच होतं. तिचं यंत्र सुरू व्हायच्या वेळी हा घराबाहेर. तिला त्याचा राग यायचा. खरं तर रागापेक्षा वाईटच जास्त वाटायचं.

तिने साडीचा नाद सोडून जुनी विजार चढवली, कमरेला पट्टा बांधला आणि चढली.

“अहो, पडाल,” समोरची शेजारीण कुंड्यांना पाणी घालता घालता ओरडली.

“पडले तरी तुमच्या कुंड्या सोडून पडेन.”

जोडापाशी पोचली आणि तिचा हात थबकला. गुंडाळलेली पट्टी तिची नव्हती.

पट्टी नेहमी खालून वर गुंडाळत न्यायची. म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर चढतो आणि पाणी कौलांवरून घसरावं तसं घसरून जातं. ही वरून खाली आणली होती. प्रत्येक वेढ्याची कड आभाळाकडे आ वासून होती. खाली केबलला वळसा असतो, थेंब तिथून गळून पडावा म्हणून. तोही कुणीतरी ताणून सरळ केला होता. पट्टी सोडवताच आतून गढूळ पाणी तिच्या मनगटावर ओघळलं. तांब्याची जाळी हिरवट काळी पडली होती.

आपोआप होणारी ही गोष्ट नव्हती. गच्चीची किल्ली घरात दोघांकडेच होती. जिना चढताना कठडा सोडत नाही तो माणूस तिचं तोंड बंद करायला एवढ्या उंचीवर चढला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने बाहीला पुसलं, कारण ओल्या हाताने जोड करायचा नसतो.

तिने कुजलेलं टोक कापून टाकलं आणि नवा जोड आवळला. स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून ताणून खालून वर नेली, वरून काळ्या पट्टीचे दोन थर दिले, शेवटचा वेढा न ओढता अलगद दाबून टाकला. वळसा पुन्हा सोडला. पाऊस काय, नवरा काय, आता कुणाची आत शिरायची बिशाद नव्हती. संध्याकाळी तो आला की त्याला समोर बसवून विचारायचं, आणि नाही पटलं तर मनोरा अजून उंच करायचा, हे तिने तिथेच लोंबकळत ठरवून टाकलं.

चार वाजता ती यंत्रापुढे बसली. खरखर पार गेली होती. तिने बटणावर बोट ठेवलं आणि तावातावाने हाक दिली. मी आहे. कोण अडवतं बघते. तुम्ही आहात ना?

उत्तर लगेच आलं. काचेसारखं स्वच्छ. बरा आहे. तू कशी आहेस.

सिग्नलचा जोर दाखवणारा काटा पार शेवटच्या खुंटीला जाऊन टेकला होता. समुद्रापलीकडून येणाऱ्या मास्तरांनी तो कधी अर्ध्यावरही नेला नव्हता. एवढा जोर फार तर शेजारच्या गल्लीतून येतो. ती कान देऊन ऐकत राहिली. शब्द पुन्हा आले, आणि आता मध्ये खरखर नसल्यामुळे ठोके देणारा हातही ओळखू आला. लांब ठोका गरजेपेक्षा जास्त ओढणारा, प्रत्येक शब्दाआधी मनात मोजणारा तो हात त्या माणसाचा होता, ज्याला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी याच टेबलाशी शिकवताना तिने हसत हसत सांगितलं होतं, “अहो, सोडून द्या, तुम्हाला हे या जन्मात जमायचं नाही.”